बायोडाटातला रोबोट

२ ऑगस्ट, शनिवार
आजपासून रोज डायरी लिहिणार. फक्त स्वतःसाठी. दुसऱ्या कुणाला समजणारही नाही.

सकाळी अश्वजितच्या कॉम्प्युटरच्या दुकानात लग्नाचा बायोडाटा नवीन टाइप करून घेतला. जुना चार वर्षं फिरला आणि काही झालं नाही. दोष फॉन्टचा. भूपेंद्र, वय चौतीस, पवनीत स्वतःचं कोसा साड्यांचं दुकान. (दुकान बाबांचं आहे, पण गल्ल्यावर बसतो मी.) सगळं छान जमलं. 'छंद' या रकान्यात अडलो. अश्वजित म्हणाला, वाचन टाक ना बे, सगळेच टाकतात. मी सगळ्यांसारखा नाही. त्याच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक जाहिरात नाचत होती. प्लास्टिकचा रोबोट, सुटे भाग आणून आपणच जोडायचा, आपणच रंगवायचा. लगेच लिहायला लावलं: 'छंद: रोबोट मॉडेल बनवणे, कस्टमाइझ करणे व रंगवणे.' त्याने विचारलं, तू कधी बनवला? मी म्हणालो, टाइप कर.

हे खोटं नाही. भविष्यकाळ आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार
रंजितामावशींचा फोन. मावशी नात्यातल्या नाहीत, त्या जिल्हाभर लग्नं जुळवतात. तुमसरची मुलगी. रुचिका. एम.एस्सी., क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते. माझा बायोडाटा त्यांना पसंत. मग तिचा बायोडाटा आला. छंद: 'रोबोट मॉडेल बनवणे, कस्टमाइझ करणे व रंगवणे.' शब्द न् शब्द माझाच! अंगावर काटा आला. अख्ख्या जिल्ह्यात या कलेची माणसं दोन, आणि ती दोघं नेमकी लग्नाची.

फोटोत तिचे डोळे अर्धवट मिटलेत. दुसरा चांगला फोटो देता आला असता, तिने हाच दिला. मला ती आवडली. आधीची स्थळं फक्त पसंत पडायची. ही आवडली.

पाहुणे २३ तारखेला घर पाहायला येणार. दिवस आईने ठरवला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेतात, तिच्यासोबत घराघरातली इडापिडा जाते. आई म्हणाली, घर मोकळं झालं की पाहुणे येऊ दे. बाबा म्हणाले, हे स्थळ गेलं तं मी आता कोणाच्या दारात जात नाही. बाबा उगाच टेन्शन घेतात.

रुचिकाचा निरोप: तुमचा एखादा रोबोट पाहायला आवडेल.

रोबोट मागवला. लवकर डिलिव्हरीचे जास्त पैसे भरले.

७ ऑगस्ट, गुरुवार
मावशींनी नंबर दिला. रुचिकाचा मेसेज आला: 'तुम्ही प्रायमर कोणता वापरता?' प्रायमर म्हणजे काय ते शोधलं. रंगाच्या आधीचा रंग. मग रंगालाच रंग का नाही म्हणत? उत्तर दिलं: 'मूडवर आहे.' ती म्हणाली: 'माझंही तसंच.' पुढे दोघांनी बराच वेळ काही लिहिलं नाही. जाणकारांना जास्त बोलावं लागत नाही.

१० ऑगस्ट, रविवार
पार्सल आलं. आईला सांगितलं, साड्यांचे सॅम्पल. घरात कुणाला सांगायचं नाही असं ठरवलंय. बायोडाटात ज्याचा छंद आहे त्याने पहिल्यांदाच खोका फोडताना दिसणं बरं नाही. माडीवरच्या खोलीला कडी लावून काम करणार.

खोक्यावर लिहिलंय, वय आठ वर्षांपुढे. माझ्याकडे मार्जिन भरपूर.

मॅन्युअल जपानीत. चित्रं आहेत. पण चित्रं बघून जोडायचं तर मग आपलं योगदान काय? बाजूला ठेवलं. भाग प्लास्टिकच्या चौकटीत अडकलेले असतात, ते खास कटरने कापायचे असतात. नेलकटर आहेच. उद्या एका बैठकीत रोबोट उभा करणार, परवा रंग, तेरवा आराम.

१२ ऑगस्ट, मंगळवार
दोन्ही हात बसले. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. अंगठे बाहेरच्या बाजूला आहेत. काढायला गेलो तर खटकन आवाज आला, म्हणून राहू दिले. सगळ्यांच्या रोबोटचे अंगठे आत असतात. यालाच कस्टमाइझ म्हणतात.

थीमही ठरली. भंडाऱ्याचा रोबोट. नाव: वैनगंगा मार्क वन.

१३ ऑगस्ट, बुधवार, दुपारी
पावलांवर कापल्याचे पांढरे डाग होते. व्हिडिओत म्हणतात, घासपेपरने घासा. घासपेपर हे सुताराचं काम. दुकानात रंगाऱ्याने सोडलेला थिनर होता, एका वाटीत ओतला आणि पावलं बुडवली. गिऱ्हाईक आलं. एका कोसा साडीसाठी बाईंनी अख्खं दुकान उघडायला लावलं आणि रुमाल घेऊन गेल्या.

वर आलो तर डाग गेले होते. पावलंही गेली होती.

वाटीत राखाडी शिरा उरला होता. थोडा वेळ वाईट वाटलं. मग विचार केला, हा योद्धा आहे. युद्धात पाय गेला तर लोक जास्त मान देतात. रुचिकाला सहज विचारलं, तुम्ही थिनरबद्दल काय म्हणता? तिने लिहिलं: 'जपून.' फार खोल उत्तर आहे. केमिस्ट्रीची माणसं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
दुकान बंद. चिलखताच्या फटींमध्ये काळी रेघ ओढायची असते, त्याने उठाव येतो. खास पेन मिळतं. आईची काजळाची डबी घेतली. हात थोडा हलला, रेघ डोळ्यांपर्यंत पसरली. चेहरा भेदक झालाय. मी स्वतः दोनदा दचकलो.

१६ ऑगस्ट, शनिवार
रंग! आमच्या शेजारी जागेश्वरकाका राहतात. शेतकरी माणूस, एक बैलजोडी. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायला त्यांनी लाल ऑइलपेंटचा डबा आणून ओसरीवर ठेवलाय. अस्सल झणझणीत लाल. दुकानात असा शेड मागायला गेलं की दहा नंबर विचारतात. थोडासा घेतला. रोबोट लहान असतो पण त्याला कोपरे फार असतात, म्हणून आणखी थोडासा घेतला. शेवटी डबाच वर आणला, तळाशी जे राहिलं ते परत नेऊन ठेवलं. शिंगाला असा किती रंग लागतो?

एकच हात, जाड. दुसऱ्या हाताची गरजच नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार
अजून ओला आहे. हवाच तशी आहे, भिंतीसुद्धा घामेजल्यात. पाठीवर दोन माश्या चिकटल्या. एक काढली. दुसरी नेमकी इंजिनाच्या जागी बसली आहे, डिटेलिंग म्हणून ठेवली.

आईने विचारलं, वरून काहीचा वास येऊन राहिला, काय करून राहिला बाबू? म्हणालो, अकाउंट्स.

१९ ऑगस्ट, मंगळवार
अजून ओला. फुंकलं. पंखा लावला. इस्त्री जवळ धरली, डाव्या खांद्याचा आकार जरा मवाळ झाला.

मग डोकं चाललं! मागच्या वर्षी माझा मोबाइल पाण्याच्या घमेल्यात पडला होता. आईने तो तांदळात पुरला आणि दुसऱ्या दिवशी वाजायला लागला. तांदूळ ओलावा ओढून घेतो, हे आपल्या भागात लहान पोरालाही माहीत आहे. जपान्यांना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही, नाहीतर एवढे स्प्रे आणि मशिनी निघाल्या नसत्या. खाली तांदळाचा मोठा ड्रम आहे. आई देवळात गेल्यावर मार्क वनला मानेपर्यंत नव्हे, पूर्ण पुरला. वरून सारखं केलं.

सकाळी काढणार. रुचिकाला लिहिलं: 'फिनिशिंग चालू आहे. स्वतःची एक टेक्निक शोधली आहे.' तिने विचारलं, कोणती? म्हटलं, भेटल्यावर.

२० ऑगस्ट, बुधवार
काढला.

रंग वाळला नाही. तांदूळ मात्र बसला. छातीवर, पाठीवर, मांड्यांवर, कपाळावर एक दाणा उभा. खरवडायला गेलो तर रंग येतो, दाणा येत नाही. एक अंगठा कुठेतरी राहिला.

दुपारपर्यंत उदास होतो. मग लांबून, डोळे बारीक करून पाहिलं. टेक्श्चर आहे! धानाच्या जिल्ह्यातला रोबोट, अंगावर धान. हे ठरवूनही कुणाला सुचलं नसतं.

रात्रीच्या जेवणात बाबांच्या भातात अंगठा निघाला. लाल, मुगाएवढा, नखासकट. बाबांनी तो ताटाच्या कडेला ठेवला. आईने ड्रम पाहिला. वरच्या थरात लाल तांदूळ. तिने तोंडावर पदर घेतला.

सांगितलं असतं तर सरप्राइज फुटलं असतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार
सकाळीच जागेश्वरकाकांची आई, गोदावरीबाई, आमच्या घरी. गावात कुणाला काय बाधलं ते त्या बघून सांगतात. त्यांनी अंगठा पाहिला, तांदूळ हुंगला. मग म्हणाल्या, आमच्याही घरून लाल रंग गेला. भरला डबा होता, रातच्यातून रिकामा. कोण नेईल जी शिंगाचा रंग? आई म्हणाली, माझी काजळाची डबीही गेली बाई. गोदावरीबाई आईला म्हणाल्या, ऐक विजयमाला, लाल रंग, काजळ, तांदूळ, अन् बोट. करणी हाय. बाबूच्या लग्नावर केली कोणंतरी.

बाबांचा यावर विश्वास नाही, पण अंगठा त्यांच्याच ताटात निघाला होता. ते दुकानात गेले.

अंधश्रद्धेवर वाद घालून उपयोग नसतो, लोकशिक्षण हळूहळू व्हायला हवं.

माडीवर बसून व्हिडिओ पाहिला. रंगवलेला भाग टांगून ठेवायचा असतो! इतक्या दिवसांत हे कुणी सांगितलं नाही. दुकानातला लाल रेशमी धागा गळ्यात बांधला आणि माडीच्या दाराच्या चौकटीला मार्क वनला टांगलं. वारा चांगला लागतो. स्वतःभोवती सावकाश फिरतो.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा
गावात बैल सजून आले. जागेश्वरकाकांचा पांढरा बैल एका लाल शिंगाने आला. दुसरं शिंग तसंच, मातकट. लोक विचारत होते, बैलाले काय झालं? काका इतक्या हौसेने दरवर्षी जोडी मिरवतात. यंदा मागच्या रांगेत उभे राहिले, मान खाली घालून. मला जरा टोचलं. पण खरं सांगायचं तर एक शिंग लाल जास्त मॉडर्न दिसतं.

दारोदारी पळसाच्या फांद्या लागल्या. पहाटे मारबतीसोबत त्याही जातील. निजताना आई माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, उद्या सगळं निघून जाईल बाबू.

उद्या रुचिका येणार. सकाळी लवकर उठून मार्क वनला फडक्याने पुसायचं.

२३ ऑगस्ट, शनिवार, सकाळी
उशिरा उठलो. चौकटीला फक्त धागा आहे.

खाली धावलो. आई अंगणात सडा टाकत होती, चेहरा एकदम हलका. म्हणाली, पहाटे पळसाच्या फांद्या न्यायला माडीवर आली तं दारावरच टांगलेलं होतं ते. बिनपायाचं. अंगभर तांदूळ, डोळ्यात काजळ. गोदावरीबाईंना हाक मारली. त्यांनी चिमट्याने धरलं. सगळा मोहल्ला 'घेऊन जा गे मारबत' म्हणत शिवेपर्यंत गेला आणि भंडारा रोडच्या नाल्याजवळ ते टाकून आला. जाळत होते, पण त्याले असा घाण वास सुटला, का लोक पळाले.

मी विचारलं, आई, ते काय होतं असं तुला वाटलं? ती म्हणाली, तुह्या दुश्मनाचं काम.

आणायला जाणार होतो. तेवढ्यात दारात गाडी थांबली.

त्याच दिवशी, संध्याकाळी
भेट उत्तम झाली. क्रमाने लिहितो.

रुचिका, तिचे आईवडील आणि एक काका. फोटोपेक्षा छान दिसते, डोळे पूर्ण उघडे. पोहे येताच तिच्या काकांनी विषय काढला, तुमच्या शिवेवर आम्ही गाडी थांबवली. ते लाल लाल काय पडून होतं जी? अजून चालते का इकडे करणी? आईला राहवलं नाही. म्हणाली, आमच्याच घरातून निघालं ते, पण आता चिंता नाही, घर साफ झालं. पाहुण्यांनी पोह्यांच्या प्लेट खाली ठेवल्या. बाबांनी दुकानातल्या साड्यांचा विषय काढून सावरलं.

मग आम्हाला बोलायला माडीवर पाठवलं. तिने खोलीभर पाहिलं. चौकटीचा धागा पाहिला. मग खाली मान घालून सगळं बोलून टाकलं. तिला हा छंदच नाही! माझा बायोडाटा आवडला म्हणून तिने माझीच ओळ उचलून स्वतःच्या बायोडाटात टाकली. मग भीती वाटली म्हणून एक किट आणलं. त्याचं डोकं तिच्या गॅसजवळ वितळलं. रोज रात्री प्रायमर म्हणजे काय ते शोधून मला मेसेज करायची. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, खोट्यावर संसार सुरू करायचा नाही मले, म्हणून आधीच सांगून टाकलं. तुम्ही एवढे जाणकार, तुम्हाले राग येईन.

तोंडाशी काहीतरी आलं होतं. मग म्हणालो, मी तुम्हाला माफ करतो.

तिने विचारलं, तुमचा रोबोट कुठे आहे? म्हणालो, नागपूरला प्रदर्शनात गेलाय.

ती माझ्या हातांकडे पाहत होती. नखांत अजून थोडा लाल रंग आहे. मग हळूच म्हणाली, शिवेवर जे पडलं आहे ते कोणं केलं असेन?

म्हणालो, असेल कुणी अडाणी.

ती 'बरं' म्हणाली आणि खाली गेली. माझ्या मोठेपणाचा परिणाम झालेला दिसला. होकार नक्की. लग्नानंतर तिला ही कला शांतपणे शिकवणार, पहिल्या दिवसापासून, प्रायमरपासून.

२५ ऑगस्ट, सोमवार
होकार आज येणार. शेरवानीचे रंग पाहून ठेवले. लाल नको.

२६ ऑगस्ट, मंगळवार, दुपारी
रंजितामावशी स्वतः दुकानात आल्या. नकार.

करणीमुळे का, असं विचारलं. मावशी म्हणाल्या, नाही. तिच्या काकांना ते खटकलं होतं, पण मुलगी त्यांच्याशी भांडायला तयार होती. मग कारण काय? मावशींनी रुचिकाचे शब्द जसेच्या तसे सांगितले. विसरू नये म्हणून लिहून ठेवतो.

'मी खरं सांगितलं, तं त्याईनं मले माफ केलं. गाडीतून उतरून मी ते लाल बाहुलं हातात घेऊन पाह्यलं होतं. रोबोट होता तो, मी ओळखला. माह्याहीपेक्षा बिघडला होता. पाय नव्हते, हात उलटे होते, पण कोणीतरी खूप दिवस बसून केला होता. मले तो आवडला. माडीवर मी दोनदा विचारलं. "माझाच आहे" एवढं म्हटलं असतं, तं मी हो म्हटलं असतं जी.'

मावशी चहा न घेता गेल्या. बाबांनी कोसा साड्यांची एकच चळत तीनदा लावली.

संध्याकाळी
भंडारा रोडला गेलो. सायकल नाल्याजवळ लावली.

मार्क वन गवतात उताणा पडला होता. एक बाजू जळून काळी. कुणाच्यातरी तीन कोंबड्या त्याच्या छातीवरचे तांदूळ टोचून खात होत्या. मी हाकललं नाही. कपाळावरचा दाणा सगळ्यात शेवटी निघाला.

मागून जागेश्वरकाका बैल घेऊन येत होते. पांढऱ्याचं एक शिंग लाल. त्यांनी विचारलं, हे काय करून राहिला बाबू, ते करणीचं हाय ना?

म्हणालो, नाही काका. माझं आहे.

ते रोबोटकडे पाहत राहिले, मग बैलाच्या शिंगाकडे, मग माझ्याकडे. पुढे जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी ऐकून घेतलं. आई काय म्हणेल ते अजून ऐकायचं आहे.

रुमालात गुंडाळून त्याला घरी आणलं. रुमालाला चिकटला. रंग अजून वाळलेला नाही.